या नावाचा इसम येथे राहत नाही

कारधा,
ता. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. हर्षास,
सप्रेम जय भीम.

छत्तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, पण स्वतः बसून कोणाला पत्र लिहिल्याचं आठवत नाही. हलवायाला पेढा खावासा वाटत नाही, त्यातला हा प्रकार. आज तुझ्या आईकडून वही मागितली तर ती म्हणाली, "कायले? हिशोब लिवता का?" मी म्हटलं, "होय." तिला अजून सांगितलेलं नाही.

तुझ्याशी बोलत नाही म्हणून लिहितो, असं समजू नकोस. फोनवर माझा आवाज चढतो आणि एकदा चढला की मला तो उतरवता येत नाही. कागदावर ती सोय आहे.

नवा पत्ता तुझ्या आईने मागेच सांगितला होता. टी ६, १४, मानहाइम. मी म्हटलं, "हा पत्ता होय का रेल्वेचा डबा?" तेव्हा तिने, तू सांगितलेलं सगळं मला समजावून सांगितलं. शहराच्या मधल्या भागात रस्त्यांना नावंच नाहीत, चौकोनांना अक्षर आणि आकडा आहे. घरातल्या खोल्यांनाही नंबर नाही. खाली दाराशी पत्रपेट्या, पेटीवर नाव. नाव असेल तर पत्र पडणार, नसेल तर नाही. हे ऐकून खरं सांगतो, जीव हरखला. आमच्या वाट्याला पत्ते कसे यायचे? 'चिंचेच्या झाडामागे, शिंप्याच्या घराला लागून.' चिंच तोडली की पत्ता गेला. तिथे नुसतं नाव वाचायचं आणि टाकायचं. पोस्टमनने जर्मनीतच जन्म घ्यावा.

तू तिथे रुळते आहेस, हे मला माहीत आहे. तुझी आई फोन मोठ्या आवाजात लावते, मी बाजूच्या खोलीत पेपर धरून बसतो. पेपर उलटा असतो असं ती म्हणते, ते खोटं आहे. ट्राम मिनिटावर येते, रविवारी एक दुकान उघडं नसतं, कचऱ्याचे चार डबे आहेत आणि दह्याच्या डब्याचं झाकण चुकीच्या डब्यात टाकलंस म्हणून जिन्यात चिठ्ठी लागली, हे सगळं मी ऐकलं आहे. दवाखान्याच्या वॉर्डातली ती म्हातारी तुझा हात धरून 'श्वेस्टर हर्शा', म्हणजे सिस्टर हर्षा, म्हणते, तेही ऐकलं. ते ऐकून मी पेपर खाली ठेवला होता.

आता मुद्द्याचं. जिल्हा परिषदेची ऑर्डर तुझ्या हातात होती. पर्मनंट नोकरी, घरापासून अर्ध्या तासावर. ती सोडून तू निघालीस तेव्हा मला धक्का बसला आणि मी जे बोललो ते बोललो. तू वरठीहून गाडीत बसलीस, तेव्हा बाबा साकोलीला गेले म्हणून आईने तुला सांगितलं. मी साकोलीला नव्हतो. वरठीलाच होतो, रेल्वेच्या पुलावर, सायकल धरून. तुझा डबा कोणता हे माहीत नव्हतं, म्हणून शेवटपर्यंत सगळ्या डब्यांकडे पाहिलं.

माझं चुकलं. हे दोन शब्द फोनवर निघाले नसते, म्हणून एवढा कागद खर्च केला.

तुझा,
बाबा


कारधा,
ता. २९ मार्च २०२५

हर्षा,

पत्र परत आलं.

आपला आताचा पोस्टमन निकेश दारात उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, तुमचंच हाय." पाहतो तर माझं अक्षर, माझी तिकिटं आणि वर एक पिवळी पट्टी चिकटवलेली. पट्टीवर छापील चौकोन, त्यातल्या एकावर पेनाची फुली. शब्द फ्रेंच. ट्रेनिंगमध्ये आम्हाला ते चार-पाच शब्द पाठ करायला लावले होते, कारण परदेशी टपालाची ती भाषा. आयुष्यात एकदाही लागले नव्हते. फुली होती त्या शब्दाचा अर्थ 'अज्ञात'.

मला आधी हसू आलं. मनात म्हटलं, जर्मन पोस्टमनही झोपा काढतात तर! सायकल काढली, पूल ओलांडून भंडाऱ्याला गेलो, घनश्यामच्या घरी. घनश्याम माझ्याबरोबरच रिटायर झाला, जन्म सॉर्टिंगमध्ये गेला त्याचा. त्याने चष्मा लावला, पट्टी वाचली.

"या नावाचा मानूस तिथं नाई, असं लिवलं हाय."

"मानूस नाई म्हंजे? माही पोरगी हाय थे!"

"मंग पेटीवर नाव नसन तिचं. तूच तं म्हनते, तिथं नावावरच बटवडा होते."

मी त्याच्याशी भांडलो. माझ्या पोरीचं नाव पेटीवर नसेल तर कोणाचं असेल? चहा तसाच टाकून घरी आलो. तुझ्या आईपुढे पाकीट ठेवलं, तर ती चुलीकडे तोंड करून उभी राहिली. घरात गॅस येऊन वीस वर्षं झाली, ती चूल आता फक्त आंघोळीच्या पाण्याला असते. मार्चच्या उन्हात तिथे तिचं काय काम होतं? तेव्हाच कळलं, हिला माहीत आहे.

तिने मोबाइलवर फोटो दाखवला. पेट्यांची रांग. मधल्या पेटीवर तुझ्याबरोबर राहणाऱ्या रुपाचं नाव आणि त्याखाली एच. परसराम.

डोकं बंदच पडलं माझं. खरंच सांगतो, पहिल्यांदा काय वाटलं असेल? वाटलं, पोरीने तिकडे लग्न उरकलं आणि जावयाचं आडनावही परसरामच निघालं! मी तसं म्हटलंही. तुझी आई रडता रडता हसली आणि मग नीट रडली.

मग तिने सांगितलं, "तिनं आडनाव सांगतलं नाई तिथं. तुमचंच नाव लावते."

हर्षा, छत्तीस वर्षांत मी हजारो पत्रं परत केली. मेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची. आपलं स्वतःचं पत्र आपल्याच पोरीच्या दारातून परत येतं आणि त्यावर 'अज्ञात' लिहिलेलं असतं, हे कसं असतं ते मला माहीत नव्हतं.

टेंभुर्णे या नावाला काय झालं होतं? तुझा आजा सोळा वर्षांचा होता, छप्पन साली नागपूरला गेला तेव्हा. परत आला तो ताठ मानेने. त्याने मला अक्षरं शिकवली ती याच नावाने. पाटीवर पहिल्यांदा लिहिलेलं माझं नाव पूर्ण होतं, आडनावासकट. त्याने जन्मात कधी नाव लपवलं नाही. आणि मी नोकरी केली ती 

(इथे दोन ओळी खोडल्या आहेत, तिकडे लक्ष देऊ नकोस.)

तुझा मला राग आलेला नाही. राग यायला आधी विश्वास बसावा लागतो. मला अजून वाटतं, कोणीतरी येऊन म्हणेल, काका, पट्टी चुकून लागली.

हे पत्र टाकू कुठे? खऱ्या नावाने टाकलं तर परत येणार. दुसऱ्या नावाने टाकायला माझा हात धजत नाही. पहिल्याच्या शेजारी ट्रंकेत ठेवतो.


कारधा,
ता. १५ एप्रिल २०२५

हर्षा,

काल जयंती झाली. विहारासमोर मोठा फ्लेक्स लागला होता. मुलांनी मला न विचारता त्यावर तुझा फोटो टाकला, पांढऱ्या कोटातला. 'कारध्याची कन्या जर्मनीत: हर्षा परसराम टेंभुर्णे.' एवढं मोठं आडनाव, पुलावरून वाचता यावं. येणारा-जाणारा मला हात जोडत होता. शेजारच्या रंभाबाईने पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "परसराम, तुह्या पोरीनं तं गावाचं नाव काढलं गा!"

मी "होय" म्हटलं. वर फ्लेक्सकडे मात्र दिवसभरात एकदाही पाहिलं नाही.

संध्याकाळी तुझा फोन आला आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा मी तो आईच्या हातून घेतला. त्यानंतर काय झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण तेव्हापासून माझ्या कानात तेच चालू आहे. एकदा कागदावर उतरलं तर कदाचित थांबेल.

मी विचारलं, "काहून केलं असं?"

तू म्हणालीस, "बाबा, हॉस्टेल सोडाची तारीख आली होती. पयल्या घरी पूर्न नाव सांगतलं. त्यायनं विचारलं, भंडाऱ्याचे टेंभुर्णे म्हंजे कोन? मी सांगतलं. दुसऱ्या दिवशी म्हनते, खोली दुसऱ्याले देल्ली. थेच जाहिरात मी महिनाभर पाहून राहिली होती. दुसऱ्या घरी तं सामान नेलं होतं. भिंतीवर बाबासाहेबाचा फोटो लावला. चार दिवसात सांगतलं का आमचे सासूसासरे येऊन राहिले, खोली पायजे."

"जर्मन लोकायच्या घरी काहून नाई पाह्यलं?"

"अठरा घरं पाह्यले. एकेका खोलीले साठ-साठ जन रांगेत. अन् जर्मन लोकायले माह्या आडनावाचं काई नाई बाबा. घरमालकाच्या कागदावर खरंच नाव हाय, त्याले थे म्हनताच येत नाई. आपल्याच लोकायले नीट म्हनता येते."

मी उभाच होतो. तू सांगत होतीस. रुपाला तू नुसतं हर्षा परसराम सांगितलंस, तिने पेटीवर तेच लावलं. बँकेची, सरकारची पत्रं तू दवाखान्याच्या पत्त्यावर मागवतेस. ती मुलगी चांगली आहे, तुला ताप होता तेव्हा तीन दिवस तिने मुगाची खिचडी करून दिली. हे तू अशा आवाजात सांगितलंस की ती वाईट असती तर बरं झालं असतं. मी खुर्ची ओढून बसलो.

"फोटो कुठं हाय?"

"बॅगेत. कपड्याच्या खाली."

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "आपल्या घरात आजपर्यंत कोनी असं केलं नाई."

आणि तू आवाज न चढवता म्हणालीस, "आईनं मले एकोडीचं सांगतलं हाय बाबा."

फोन मीच ठेवला. लाइन गेली नव्हती.


कारधा,
ता. ४ मे २०२५

चि. हर्षास,
सप्रेम जय भीम.

एकोडीचं तुझ्या आईला जेवढं माहीत आहे तेवढं तिने तुला सांगितलं. उरलेलं कोणालाच माहीत नाही. ते आज लिहितो. तीन आठवडे वही उघडून मिटतो आहे.

ब्याण्णव साल. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एकोडीचा बटवडा मिळाला, धानाचा मुलूख, आणि राहायला खोली मिळेना. सेवकराम म्हणून एक मोठे शेतकरी होते. त्यांच्या घराची बाहेरची खोली रिकामी होती. त्यांनी नाव विचारलं. मी म्हटलं, "परसराम." "पुढचं?" मी सायकलवरची थैली थोपटली आणि म्हटलं, "पोस्टमन!" ते हसले, मीही हसलो आणि खोली मिळाली. अकरा महिने मी परसराम पोस्टमन होतो. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली. तुझी आई रोज सकाळी झाकण अर्धं उघडून तो पदराने पुसायची. सेवकरामची बायको सत्यभामाबाई मायाळू बाई, दुपारी तांदूळ निवडायला आमच्या खोलीत यायची आणि नेमकी त्याच ट्रंकेवर बसायची. तुझ्या आईला ताप आला तेव्हा तिनेही पेज करून दिली होती. तुझी खिचडी ऐकून मी खुर्ची का ओढली, ते आता समजलं असेल.

इथपर्यंत तुझ्या आईला माहीत आहे.

टपाल आलं की मी सेवकरामच्या ओट्यावर बसून नावं पुकारायचो. दहा-वीस माणसं जमायची. सेवकरामना पोस्टकार्ड वाचायची हौस, गठ्ठ्यात हात घालायचे. एक दिवस त्यांनी एक कार्ड काढलं. माथ्यावर 'जय भीम'. पत्ता: श्री. पी. के. टेंभुर्णे, मु. पो. एकोडी.

ते माझ्या बापाचं कार्ड होतं. पोरगा सरकारी नोकर झाला म्हणून त्याला साहेबासारखं पी. के. लिहायची हौस होती.

सेवकराम म्हणाले, "हा टेंभुर्णे कोन गा? आपल्या गावात तं या नावाचा कोनी नाई."

सगळे माझ्याकडे बघत होते, कारण गावात कोण राहतं हे पोस्टमनलाच ठाऊक. मी म्हटलं, "नाई जी. कोनी नाई." कार्ड हातात घेतलं, कानावरचं पेन काढलं आणि सगळ्यांसमोर त्यावर शेरा लिहिला: 'या नावाचा इसम येथे राहत नाही. परत.' खाली सही, तारीख. कार्ड थैलीत टाकलं आणि पुढचं नाव पुकारलं.

मजकूर वाचला नाही. वाचायची हिंमत झाली नाही. साकोलीच्या रस्त्यावर सायकल थांबवून ते थैलीतून काढून घेता आलं असतं, रस्ता रिकामा होता. पण शेरा मारला होता, सही झाली होती. मी नियमाचा माणूस ना! नेऊन जमा केलं.

महिनाभराने घरी आलो. बाप अंगणात दोरी वळत बसला होता. मला पाहून म्हणाला, "जेवला का?" एवढंच. मला वाटलं, कार्ड कुठेतरी गहाळ झालं असेल. चौदा वर्षं मी तसंच समजून चाललो. मग दोन हजार सहा साली तो गेला. त्याची पेटी उघडली. वर दीक्षेच्या वेळचा पांढरा सदरा घडी केलेला आणि त्या घडीत ते कार्ड.

हर्षा, त्याने मला अक्षरं शिकवली होती. माझा 'ह' कसा वळतो हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तो शेरा कोणी लिहिला हे त्याला कार्ड हातात पडताच कळलं असणार. चौदा वर्षं तो माझ्याशी बोलला, हसला, तुला खांद्यावर घेऊन वैनगंगेवर गेला आणि त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही. मी त्या दिवशी पेटीजवळ बसलो तो उठलोच नाही. लोकांना वाटलं, बाप गेला म्हणून. तेही होतंच.

मजकूर तेव्हा वाचला. चारच ओळी आहेत. 'खोली मिळाली हे कळून तुझ्या आईस व मला फार आनंद झाला. लोक चांगले दिसतात. आमच्या आंब्यास मोहर चांगला आहे. घरमालकास आमचा जय भीम सांगावा.'

मी ते कार्ड सोबत पाठवतो आहे. मी तुला 'आपल्या घरात कोणी असं केलं नाही' म्हणालो, त्याचं हे उत्तर समज. तू तर निदान माझं नाव लावलंस. मी माझ्या बापाला सही करून नाही म्हटलं.

आता पाकिटाबद्दल. चारही पत्रं आणि कार्ड एकाच पाकिटात घातलं आहे, वजन करून जास्तीची तिकिटं लावली आहेत. पुढच्या बाजूला हर्षा परसराम लिहिलं आहे. पत्र पोचलं पाहिजे, बाकीचं नंतर. बापाने नावासाठी मला तोडलं नाही; हे त्याच्या जिवंतपणी शिकायला हवं होतं, त्याच्या पेटीतून शिकलो.

मागची बाजू कोरी आहे. छत्तीस वर्षं मी खिडकीवरच्या प्रत्येक माणसावर ओरडलो की मागे पाठवणाऱ्याचं नाव लिहा, नाहीतर पत्र परत येणार कसं? आज लिहायला घेतलं आणि थांबलो. पेटी उघडून पाकीट रुपाच काढेल, उलटून पाहील, आणि जे सांगायचं की नाही हे तुझ्या हातात आहे, ते माझं पाकीट सांगून बसेल. म्हणून लिहिलं नाही. हे पाकीट हरवलं तर परत यायला त्याला वाट नाही. निकेशच्या हातात न देता मी स्वतः भंडाऱ्याच्या पेटीत टाकणार आहे.

आत एक पट्टी आहे, चिकटणाऱ्या कागदाची. फोटोतल्या पेटीचं माप अंदाजाने धरून कापली आणि त्यावर इंग्रजीत आपलं आडनाव लिहिलं. तीन पट्ट्या बिघडल्या, चौथी बरी झाली. लावायची असेल तर लाव. नाही लावावीशी वाटली तर बॅगेत फोटोजवळ ठेव. खोली जाण्याचा अर्थ काय असतो हे मला माहीत आहे, आणि तुला काही सुनवायला मला तोंड नाही.

पाकीट पोचलं की आईला फोन कर. तिला मी सांगितलं आहे, फोन माझ्याजवळ ठेव म्हणून. आता मी बाजूच्या खोलीत बसत नाही.

तुझा बाप,
परसराम कृष्णराव टेंभुर्णे